एचडी वाहिनी कोणत्या क्रमांकावर?

मुलुंडच्या नाक्यावर बृहन्मुंबईची हद्द संपते आणि ठाणे शहराची सुरू होते. जकातीच्या दिवसांत एरवी मालमोटारींपुरती महत्त्वाची असलेली ही सीमारेषा २०१२ च्या अखेरीस काही महिने दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही उमटली होती. केबलच्या कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीनुसार देशातील सारी केबल जाळी टप्प्याटप्प्याने डिजिटल पद्धतीवर न्यावयाची होती. पहिल्या टप्प्यातील दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी संपली, आणि दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ पर्यंतची सवलत मिळाली. या ३८ शहरांत ठाणे होते आणि कल्याण-डोंबिवलीही होते. त्यामुळे नाक्याच्या अलीकडे मुलुंडमध्ये सेट-टॉप बॉक्स कायद्याने सक्तीचा झाला असता पलीकडे नौपाड्यात जुनी केबल थेट टीव्हीच्या पाठीत खोवलेली राहण्यास कायद्याची हरकत नव्हती. आणि कल्याणच्या पुढील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या शहरांना तर हा बदल तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ च्या मुदतीने, पाहावयाचा होता.

त्या काळी या स्थित्यंतराची जी चर्चा झाली ती बॉक्सची किंमत, मासिक आकार आणि केबलचालकाच्या हिशेबातील सचोटी यांच्याभोवती फिरत राहिली. एक बदल मात्र फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि त्याचेच परिणाम आपण एक तप उलटल्यावरही भोगीत आहोत. वाहिन्यांचा अनुक्रम ठरवण्याची मुखत्यारी तोपर्यंत बव्हंशी घरात होती. ती घरातून निघून केबल कंपनीच्या नियंत्रण केंद्रात गेली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यानंतर जवळजवळ दोन दशके निवडण्यासारखे काही फारसे नव्हतेच. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वार्ता उपग्रहावरून पाहण्याचे कुतूहल निर्माण झाले, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही अवतरला, आणि पाहता पाहता डोंबिवलीच्या टिळकनगरापासून कल्याणच्या रामबागेपर्यंत गच्चीगच्चीवरून काळ्या तारा लोंबू लागल्या. केबलचालक त्या तारेतून सर्व वाहिन्या एकसमयावच्छेदेकरून घरात आणून सोडी. परंतु पहिल्या बटणावर सह्याद्री असावी की बातम्या, मुलांची व्यंगचित्रे विसाव्या बटणावर ढकलावीत की चौथ्या, हे त्या त्या घराने आपल्या टीव्ही संचात एकदा ट्यूनिंग करून ठरवावयाचे असे. हे स्वातंत्र्य अमर्याद होते असे नाही. जुन्या संचांना वरच्या वारंवारता पकडता येत नसत, म्हणून खालच्या पट्ट्यातील, ज्याला धंद्यात ‘प्राइम बँड’ म्हणत त्या पट्ट्यातील, जागेसाठी वाहिन्या केबलचालकांना पैसे मोजीत, आणि मोक्याच्या जागेसाठी मोबदला देण्याघेण्याची ही वहिवाट पुढे डिजिटल युगातही चालत आली. तथापि एकदा वाहिनी घरात पोहोचली की तिला कोणत्या बटणाशी बांधावयाचे हा निर्णय गृहस्थाचा होता.

डिजिटल केबलमध्ये हे तंत्रच निराळे झाले. तेथे आठ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात एक वाहिनी नसून अनेक वाहिन्यांचा एकत्रित प्रवाह असतो. प्रचलित पद्धतीने त्या पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट इतकी माहिती वाहते, आणि तीत साधारण दर्जाच्या दहापंधरा वाहिन्या, किंवा एचडी दर्जाच्या चारपाच, सुखाने बसतात. या प्रवाहाबरोबरच नियंत्रण केंद्रातून काही कोष्टकेही सतत प्रसृत होत असतात. अमुक पट्ट्यातील अमुक सेवेचे नाव काय, ती कोणत्या प्रकारची आहे, आणि प्रेक्षकाने रिमोटवर कोणता आकडा दाबला असता ती दिसावी, हे सारे त्या कोष्टकांत नमूद केलेले असते. या शेवटच्या आकड्याला केबलच्या धंद्यात एलसीएन म्हणतात. बॉक्स सुरू होताना ही कोष्टके वाचतो आणि त्यांबरहुकूम आपली फेरिस्त तयार करतो. म्हणजे आपण जो आकडा दाबतो त्याचा तारेतील वारंवारतेशी कसलाही नैसर्गिक संबंध नाही; तो दफ्तरात लिहिलेला एक निर्णय आहे, आणि ज्याने तो लिहिला त्याला तो बदलताही येतो. पुढील सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे असल्याने वाचकांनी ती ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे.

आता एचडीकडे वळू. साधारण दर्जाचे चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ अशा बिंदूंनी विणलेले असते. एचडीचे १९२० आणि १०८० अशा बिंदूंनी. हे गुणाकार करून पाहिले तर पहिल्याचे उत्तर ४,१४,७२० आणि दुसऱ्याचे २०,७३,६०० येते, म्हणजे बरोबर पाचपट. एकवीस इंची फुगीर काचेच्या संचावर या पाचपटीचा लाभ कोणाला कळलाही नसता. परंतु ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील नव्या सदनिकांत काय किंवा डोंबिवलीच्या चाळिशी उलटलेल्या इमारतींत काय, भिंतीवर आता चाळीस-त्रेचाळीस इंची सपाट पडदा असतो, आणि इतक्या मोठ्या पडद्यावर साधारण दर्जाचे चित्र ताणले की चेहऱ्यांच्या कडा विरघळतात, धावत्या चेंडूमागे धूसर शेपूट उमटते, आणि देवनागरी अक्षरांवरचे अनुस्वार व रफार एकमेकांत मिसळून जातात. ज्यांची दृष्टी वयोमानाने मंदावली आहे त्यांना तर या स्पष्टतेची गरज तरुणांपेक्षा अधिक आहे. रोमन लिपीतील अक्षर थोडे पुसट झाले तरी त्याच्या ढोबळ आकारावरून ओळखता येते. आपल्या जोडाक्षरांचे आणि मात्रांचे तसे नाही. म्हणून मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने एचडी ही चैनीची बाब आहे असे मी मानीत नाही.

मराठीत ही सोय उशिरा आली. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या तिन्ही प्रमुख मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ या एकाच वर्षात सुरू झाल्या. तोवर दुसऱ्या टप्प्यातील शहरांना बॉक्स बसवून तीन वर्षे झाली होती, घरोघरी मालिकांचे क्रमांक पाठ झाले होते, आणि एका कार्यक्रमाचे, एकाच क्षणी, एकाच कथेचे दोन प्रवाह दोन निरनिराळ्या आकड्यांवर वाहू लागले. डोंबिवलीचा चाकरमानी ज्या सहजतेने, पाटीकडे न पाहता, आपल्या नेहमीच्या फलाटावर जाऊन उभा राहतो, त्याच सहजतेने घरातील बोटे रिमोटवरचा जुना आकडा दाबतात. गाडी अधिक चांगली आली असली तरी ती भलत्याच फलाटावर लागली तर तिचा त्याला काय उपयोग? एचडीचे पैसे भरणारी आणि तरीही वर्षानुवर्षे साधारण चित्रच पाहणारी कुटुंबे मी ठाण्यात पाहिली आहेत, डोंबिवलीतही पाहिली आहेत, आणि त्यांत अडाणी कोणी नव्हते. सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते, बँकेतील अधिकारी होते. त्यांना एचडीची वाहिनी कोठे आहे हे कोणी सांगितलेच नव्हते.

याच्या उलट दिशेनेही घोटाळा होतो, आणि तो दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, दरविषयक हुकुमाशी निगडित आहे. २०१७ साली काढलेला हा हुकूम बऱ्याच न्यायालयीन वादानंतर प्रेक्षकांच्या दृष्टीने १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला. त्याअन्वये प्रेक्षकाने वाहिन्या स्वतः निवडावयाच्या, प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर असावयाची, आणि कर वगळून १३० रुपयांच्या मूळ आकारात ज्या १०० वाहिन्या मिळावयाच्या त्यांत एक एचडी वाहिनी दोन साधारण वाहिन्यांच्या बरोबरीची धरावयाची, असे ठरले. त्यात एक तरतूद अशी होती की एकाच सशुल्क वाहिनीची एचडी आणि साधारण अशी दोन्ही रूपे एका समूहात घालून विकता येणार नाहीत. तिचा हेतू स्तुत्य होता, कारण एकाच कथेसाठी प्रेक्षकाकडून दोनदा पैसे घेतले जाऊ नयेत हे न्याय्यच आहे. परंतु तिचा अनपेक्षित परिणाम असा झाला की ज्या घराने एचडीचा पॅक घेतला त्याच्या जुन्या आकड्यावर संध्याकाळी मालिकेच्या वेळी ‘आपण ही वाहिनी घेतलेली नाही’ अशी सूचना झळकू लागली. मग केबलवाल्याला दूरध्वनी जातो, आणि संवाद ठरलेला असतो. “काकू, तुमचा एचडी पॅक आहे, त्याचा नंबर वेगळा.” “मग पैसे घेतलेस तेव्हाच जुन्या नंबरावर का नाही लावून दिलंस रे बाबा?” या प्रश्नाला त्या पोराजवळ उत्तर नसते, कारण आकड्यांचे कोष्टक त्याच्या हाती नाही. मात्र प्रश्न अगदी यथायोग्य आहे.

एचडी वाहिन्या यादीच्या टोकाला, स्वतंत्र वस्तीत, नेऊन बसवण्याची पद्धत का पडली याला काही कारणे आहेत आणि त्यांतली सगळीच स्वार्थाची नाहीत. आरंभी एचडी वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, तेव्हा त्या एका जागी असणे हीच सोय होती. शिवाय २०१२-१३ मध्ये वाटले गेलेले असंख्य बॉक्स एचडी चित्र दाखवण्यास असमर्थ होते. अशा बॉक्सच्या धन्याने पुढच्या वाहिनीचे बटण दाबीत जाताना दर दुसऱ्या आकड्यावर काळा पडदा पाहावा हे केबल कंपनीला परवडणारे नव्हते. तिसरे कारण व्यापारी होते. एचडी ही निराळी, वरच्या दराची वस्तू म्हणून विकावयाची असेल तर तिची मांडणीही निराळी असावी, असा विक्रेत्याचा विचार असतो. वाहिनी वाहून नेण्याच्या शुल्काची जी कमाल मर्यादा ट्रायने २०१७ साली घातली ती साधारण वाहिनीस दरमहा दर ग्राहकामागे २० पैसे आणि एचडीस ४० पैसे अशी होती, म्हणजे कायद्याच्या नजरेतही तेव्हा या दोन स्वतंत्र वाहिन्याच होत्या. ही सारी कारणे त्या त्या वेळी समजण्यासारखी होती. परंतु वाहिन्या वाढल्या, बॉक्स बदलले, पडदे मोठे झाले, आणि मूळ कारणे विरून गेल्यावरही मांडणी मात्र पुष्कळ ठिकाणी जैसे थे राहिली.

नियम याविषयी काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. मार्च २०१७ मधील ट्रायच्या परस्परजोडणीविषयक विनियमांत वाहिन्यांच्या यादीसंबंधी स्पष्ट कलम आहे. वाहिनी कोणत्या प्रकारात मोडते, म्हणजे ती सर्वसाधारण मनोरंजनाची की बातम्यांची, क्रीडेची की बालकांची, भक्तिपर की संगीताची, हे प्रसारकाने जाहीर करावयाचे. एका प्रकारच्या वाहिन्या यादीत सलग ठेवावयाच्या. त्या प्रकाराच्या पोटात एका भाषेच्या वाहिन्या पुन्हा सलग ठेवावयाच्या. प्रत्येक वाहिनी एकाच जागी दिसावयाची. तिला स्वतःचा एकमेव क्रमांक असावयाचा. आणि तो क्रमांक किमान एक वर्ष बदलता यावयाचा नाही. प्रकाराच्या अंतर्गत उपप्रकार करण्याची मुभा वितरकास आहे. हे कलम येण्यास सबळ कारणे होती. एखादी वाहिनी दोन-दोन, तीन-तीन क्रमांकांवर एकाच वेळी दाखवून प्रेक्षकसंख्या फुगवण्याचे प्रकार घडत होते, आणि क्रमांक रातोरात बदलल्याने प्रेक्षक भांबावत होता. माझ्या वाचनाप्रमाणे या कलमाचा सरळ अर्थ असा होतो की मराठी मनोरंजन वाहिनीची एचडी आवृत्ती ही मराठी मनोरंजन वाहिनीच आहे, म्हणून तिची जागा मराठी मनोरंजनाच्या रांगेतच असली पाहिजे. सर्व भाषांच्या आणि सर्व प्रकारांच्या एचडी वाहिन्यांची एक मोट बांधून ती यादीच्या अखेरीस ठेवणे या तरतुदीशी जुळत नाही, आणि उपप्रकाराची सवलतही येथे कामी येत नाही, कारण उपप्रकार हा प्रकाराच्या आतच करावयाचा आहे. काही वितरकांनी, विशेषतः थेट घरी तबकडीवरून सेवा देणाऱ्या कंपन्यांनी, एचडी आणि साधारण आवृत्त्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, पण अर्ध्या वाटेचे आहे. शेजारचा आकडा म्हटला तरी तो जुना आकडा नव्हे.

परदेशांत हा प्रश्न आपल्या आधी उपस्थित झाला, आणि निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरे काढली. अमेरिकेत व्हेरायझन कंपनीच्या फायोस सेवेने एक साधे गणित स्वीकारले होते. साधारण वाहिनीच्या आकड्यात ५०० मिळवा म्हणजे तिची एचडी आवृत्ती सापडते. सत्तर क्रमांकाची वाहिनी पाचशे सत्तरवर. स्मरणात ठेवावयास एकच संख्या, आणि घरातील वृद्धांनाही ती एका वाक्यात सांगता येते. फ्रान्सने तर जमिनीवरील सारे प्रसारण ५ एप्रिल २०१६ रोजी एका रात्रीत एचडीवर नेले, आणि त्यानंतर प्रेक्षकाला निवड करण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यासाठी अर्थात घरोघरी योग्य संच आहे याची आधी खातरजमा करावी लागली. ब्रिटनमध्ये बीबीसीने उपग्रहावरील आपल्या साधारण दर्जाच्या आवृत्त्या जानेवारी २०२४ मध्ये बंद केल्या. आपल्याकडे साधारण दर्जाचे बॉक्स अद्याप मोठ्या प्रमाणावर चालू असल्याने, आणि ते चालवणारी कुटुंबे बहुधा कमी उत्पन्नाची असल्याने, साधारण आवृत्ती बंद करण्याची सूचना मी करणार नाही. कल्याण पूर्वेच्या एखाद्या चाळीत जो बॉक्स दहा वर्षे इमानाने चालला आहे तो निरुपयोगी ठरवून कोणाचेही भले होणार नाही.

ज्या उत्तराकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो ते युरोपातील प्रसारण-मानकांत आधीपासूनच नोंदलेले आहे. केंद्रातून प्रसृत होणाऱ्या कोष्टकांत वाहिनीच्या नेहमीच्या क्रमांकाखेरीज आणखी एक नोंद ठेवण्याची तजवीज तेथे आहे. ती केवळ एचडी सेवांसाठी असते आणि तिचा आशय असा असतो की ‘हा बॉक्स एचडी दाखवू शकत असेल तर या सेवेस अमुक क्रमांक द्यावा’. जुना, साधारण बॉक्स ही नोंद वाचूच शकत नाही, म्हणून त्याच्या यादीत काहीच बदलत नाही; नवा बॉक्स ती वाचतो आणि दोन आवृत्त्यांच्या क्रमांकांची अदलाबदल करतो. ज्या आकड्यावर घराची बोटे वर्षानुवर्षे वळली आहेत त्याच आकड्यावर आता एचडी चित्र उभे राहते, आणि साधारण आवृत्ती मागच्या जागी जाते. एकाही घराला नवे काही शिकावे लागत नाही.

बॉक्सला एचडी सेवा ओळखता येईल का, अशी शंका कोणी घेईल, तर तिचे समाधानही त्याच कोष्टकात आहे. प्रत्येक सेवेबरोबर तिच्या प्रकाराचा एक संकेतांक प्रसृत होतो. साधारण चित्राचा संकेतांक निराळा आणि एचडी चित्राचा निराळा. आणि या घराने कोणत्या वाहिनीचे पैसे भरले आहेत हे तर कंपनीच्या ग्राहक-व्यवस्थापन प्रणालीत क्षणाक्षणाला नोंदलेले असते, कारण त्याविना बॉक्समधील कार्ड त्या वाहिनीचे कुलूप उघडूच शकत नाही. सशुल्क केबलमध्ये म्हणून अदलाबदलीला आणखी एक अट जोडावी लागेल: जिथे एचडीचा भरणा झालेला आहे तिथेच ती व्हावी. हे काम बॉक्समधील आज्ञावलीचे, ज्याला मिडलवेअर म्हणतात तिचे, आहे. ते आज्ञावलीच्या एका नव्या आवृत्तीने, तारेतूनच, बॉक्सपर्यंत पोहोचवता येते. बॉक्स नानाविध कारखान्यांचे आणि नानाविध पिढ्यांचे असल्याने प्रत्येकासाठी हे निराळे करावे लागेल, त्यास खर्च येईल, हे मला मान्य आहे. परंतु ज्या कंपन्या पडद्यावर स्वतःच्या जाहिरातींच्या पट्ट्या प्रसृत करण्यासाठी हीच आज्ञावली वारंवार सुधारतात त्यांनी प्रेक्षकाच्या सोयीसाठी ती एकदा सुधारावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

यादीच्या लिपीचाही येथे विचार केला पाहिजे. ज्या शहरांत मराठी नाटकांसाठी गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर आणि सावित्रीबाई फुले कलामंदिर उभी आहेत, त्या शहरांतील बहुसंख्य बॉक्स मराठी वाहिन्यांची नावे रोमन लिपीत दाखवतात. नाव जरा लांब असले की चौकटीत ते पुरे मावत नाही, आणि कापले जाते ते शेवटचे टोक, जिथे ‘एचडी’ ही दोन अक्षरे असतात. मग दोन ओळी अगदी एकसारख्या दिसतात आणि त्यांतली चांगली कोणती हे ओळखावयाचे साधनच उरत नाही. नावाच्या आरंभीच एक ठळक खूण आणि देवनागरी नाव, एवढ्याने पुष्कळ काम भागेल. प्रसारणाची आंतरराष्ट्रीय मानके अनेक लिप्यांतील नावे सामावून घेतात. उणीव आहे ती ती वापरण्याच्या इच्छेची.

हे सर्व घडेपर्यंत गृहस्थाने काय करावे? प्रथम बॉक्स आणि टीव्ही यांना जोडणारी तार पाहावी. लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन टोकांची तार असेल तर एचडीचे पैसे व्यर्थ जात आहेत, कारण त्या तारेतून साधारण चित्रच जाऊ शकते. एचडीएमआय नावाची चपट्या तोंडाची एकच तार असावयास हवी. बॉक्सला त्या तारेचे भोक नसेल तर तो बॉक्स एचडीचा नाही असे समजून केबलचालकाशी बोलावे. तार योग्य असेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार १६:९ आणि रेषांची संख्या १०८० अशी आहे ना हे पाहावे. नव्याने बसवलेल्या किंवा वीज जाऊन पुन्हा सुरू झालेल्या काही बॉक्सांत ही संख्या खालच्या पातळीवर असते. त्यानंतर बहुतेक रिमोटवर असलेल्या ‘फेव्हरिट’ किंवा ‘फेव’ या बटणाचा उपयोग करावा. घरात जे आठ-दहा कार्यक्रम खरोखर पाहिले जातात त्यांच्या एचडी वाहिन्या त्या यादीत एकदा घालून ठेवल्या की आजीला किंवा आजोबांना मोठे आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत. ते बटण दाबावे आणि बाणाने खाली यावे. नातवंडांनी हे काम एखाद्या रविवारी बसून करावे. घरोघरच्या ट्यूनिंगची जी जुनी मुखत्यारी गेली तिचा एवढा अंश अजून आपल्या हाती आहे.

पॅकमध्ये नेमके काय आहे ते पाहावयाचे असल्यास ९९९ हा क्रमांक ग्राहकांच्या माहितीसाठी राखून ठेवलेला आहे. वाहिन्यांच्या किमती तिथे दाखवणे अपेक्षित आहे. ट्रायने जून २०२० मध्ये वाहिन्या निवडण्यासाठी भ्रमणध्वनीवरील एक साधनही उपलब्ध केले. एखाद्या वाहिनीची एचडी व साधारण अशी दोन्ही रूपे आपल्या यादीत स्वतंत्रपणे घेतली गेली असतील तर त्यांतील एक कमी करून घ्यावे, दरमहा काही रुपये वाचतील. क्रमांक वर्षाच्या आत बदलला गेला, किंवा मराठी एचडी वाहिनी मराठीच्या रांगेबाहेर टाकलेली आढळली, तर कंपनीच्या ग्राहकसेवेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा. निराकरण न झाल्यास कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय २०१७ च्याच सेवादर्जाविषयक विनियमांत आहे. केवळ गल्लीतील केबलवाल्यावर रागावून काही साधत नाही, कारण तो बिचारा वसुलीचा आणि तारेचा मालक आहे, कोष्टकाचा नव्हे.

ट्राय आपल्या या नियमांत वेळोवेळी फेरफार करीत आली आहे. २०२० च्या आरंभी, नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि जुलै २०२४ मध्ये असे फेरफार झाले, आणि अशा बदलांपूर्वी विचारविनिमयाचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागवण्याचा प्राधिकरणाचा प्रघात आहे. ती मते पाठवणाऱ्यांत प्रसारक असतात, केबल कंपन्या असतात, त्यांचे वकील असतात. बैठकीच्या खोलीत रिमोट हाती घेऊन बसणाऱ्याचे पत्र त्यांत क्वचितच असते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे सभासद ठाण्यात आणि डोंबिवलीत आहेत, गृहनिर्माण संस्थांचे कार्यकारी मंडळ तर प्रत्येक इमारतीत आहे. त्यांनी पुढच्या मसुद्याच्या वेळी एवढेच लिहून कळवावे की यादीविषयीच्या कलमात दोन वाक्यांची भर घालावी: एक, एचडी आवृत्ती तिच्या साधारण आवृत्तीला लागूनच, त्याच भाषेच्या रांगेत ठेवावी, आणि दोन, ज्या ग्राहकाने एचडीचे शुल्क भरले आहे आणि ज्याचा बॉक्स समर्थ आहे त्याला जुन्या क्रमांकावरच एचडी चित्र दाखवण्यासाठी त्या ग्राहकाच्या संमतीने केलेली क्रमांकांची अदलाबदल एक वर्षाच्या अटीचा भंग समजली जाऊ नये.